बेन्तेनच्या तळ्यावरची अपुरी फळी

तोकुजीने दिवस मोजण्यात चूक केली. जन्मभर सुतारकाम केलं, मापात कधी चुकलो नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण ही चूक झाली खरी.

त्याची बायको किनुए अठ्ठावीस नोव्हेंबरला गेली. मठातल्या म्हाताऱ्या एन्काई महाराजांनी एका कागदावर पुढच्या तारखा लिहून दिल्या. सातवा दिवस, चौदावा, एकविसावा, असं करत शेवटी एकोणपन्नासावा, पंधरा जानेवारी. त्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायच्या आणि दुखवटा संपायचा. तोकुजीने तो कागद फ्रीजवर चिकटवला. रोज सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत एक दिवस पेन्सिलीने खोडायचा. दुसरं काही करायला सुचत नव्हतं.

पंधरा जानेवारीलाच देवळात जाळ असतो. वर्षभरात लोकांनी टांगलेल्या इच्छांच्या पाट्या, जुने ताईत, दारावरच्या गवताच्या माळा, सगळं एकत्र रचून पेटवायचं. बावीस वर्षं ती रास तोकुजीच रचत होता. पाट्याही त्याच्याच हातच्या. देवदाराच्या उरलेल्या फळ्यांतून तो त्या कापायचा, रंधा मारून दोरीचं भोक पाडून द्यायचा.

तेरा तारखेला सकाळी तो देवळाच्या लाल कमानीपाशी गेला. बायको गेल्यापासून त्याने कमान ओलांडली नव्हती. सुतकात कोणी ओलांडत नाही. पुजारीण मिसाओबाई आतल्या बाजूला झाडत होती.

"परवाची लाकडं झाकलेली आहेत ना?" त्याने बाहेरूनच विचारलं. "मठातलं दहाला सुरू होईल. एकपर्यंत मी येतोच इथं."

मिसाओचा झाडू थांबला. "तोकुजी-सान, परवा कितवा?"

"एकोणपन्नासावा."

"एकोणपन्नास मठाचे," ती हळूच म्हणाली. "आमचे पन्नास."

तोकुजीने बोटांवर मोजून पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. घरात मठाचा कागद होता, देवळाचा नव्हता, एवढंच. मेलेल्या माणसाचं सगळं मठ बघतो, जिवंत माणसाचं देऊळ बघतं. दोघांची मोजणी एका दिवसाने वेगळी, आणि तो एक दिवस त्याच्या लक्षातून गेला होता.

"असू दे हो," मिसाओ म्हणाली. "मी मीठ टाकते, मंत्र म्हणते, तुम्ही या आत. शहरातल्या देवळांत तर कोणी विचारतसुद्धा नाही."

"मी विचारलं होतं. मुरासेला."

मिसाओ पुन्हा झाडायला लागली. सगळ्या गावाला ती गोष्ट ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी टोफूवाल्या मुरासेची आई वारली, आणि अठ्ठेचाळिसाव्या दिवशी तो कमानीतून आत यायला निघाला. तेव्हा तोकुजी देवस्थानाचा प्रमुख होता. त्याने हात आडवा धरून सगळ्यांसमोर मुरासेला परत पाठवलं होतं. दोन दिवसांनी ये म्हणाला होता.

"तो विसरला असेल," मिसाओ म्हणाली.

"मुरासे? तिसरीत मी त्याचा चेंडू तळ्यात टाकला होता. अजून मागतो."

तिला हसू आलं. तोकुजीला नाही आलं. तो घरी परतला. मिसाओला खरी गोष्ट त्याने सांगितलीच नव्हती. त्या राशीत किनुएची पाटी होती.

तळ्याच्या एका बाजूला मठ आहे, दुसऱ्या बाजूला देऊळ, आणि मधल्या बेटावर बेन्तेन देवीची छोटी देवळी. पूर्वी हे सगळं एकच होतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारचा हुकूम आला, देव एकीकडे आणि बुद्ध एकीकडे करा. मग बेन्तेनची हातात वाद्य असलेली मूर्ती मठात गेली, आणि बेटावरच्या देवळीत नुसता आरसा राहिला. ते बेट देवळाच्या वाट्याला आलं.

पाच वर्षांपूर्वी यावर टीव्हीवर एक ॲनिमे, म्हणजे चित्रमालिका, आली. त्यात त्या हुकमामुळे मूर्तीची नाही, खुद्द देवीचीच दोन अर्धुकं होतात. देवळात राहिलेल्या अर्धीला आपण कोण हे धड आठवत नाही. ती आपल्याच देवळात सेविका म्हणून कामाला लागते, पांढरी बंडी आणि लाल घागरा घालून ताईत विकते, आणि नीट झाडत नाही म्हणून बोलणी खाते. तिला सगळे बेन-चान म्हणतात. त्यातलं तळं हुबेहूब इथलं होतं. तेव्हापासून लांबलांबून लोक यायला लागले. पाट्यांवर नुसती इच्छा लिहून थांबत नाहीत, बेन-चानचं चित्रही काढतात, आणि काय काढतात! तोकुजीच्या पाट्या दुप्पट लागायला लागल्या.

तोकुजीला तो पोरखेळ वाटला. किनुएने मात्र बाराही भाग दोनदा पाहिले.

"देवीला स्वतःचंच नाव आठवत नाही म्हणजे काय?" तो म्हणाला होता.

"बरोबरच आहे की. मला तरी चष्मा कुठं ठेवला ते आठवतं का?"

आलेल्या लोकांशी तिची गट्टी जमली. त्यात कुरोइवा नावाचा एक माशांचा ट्रक चालवणारा होता, चाळिशीचा, चांगला आडवातिडवा. तो दर सणाला बेन-चानचा पोशाख घालून यायचा. विकत घेतलेला घागरा त्याच्या कमरेला पुरत नव्हता. किनुएने त्याला लाल कापडाची पट्टी जोडून दिली. "देवीला पोट नसतं असं कोणी सांगितलं?" म्हणाली. त्या दिवसापासून तो तिला काकू म्हणायला लागला.

ऑक्टोबरात, डॉक्टरांनी सांगून झाल्यावर, किनुए तोकुजीच्या कामाच्या खोलीत आली आणि बाजूला टाकलेल्या पाट्यांतून एक उचलली. वरच्या डाव्या कोपऱ्यात, भोकाखाली, लाकडाची काळी गाठ होती.

"ती टाकाऊ आहे."

"म्हणूनच घेतेय. चांगल्या राहू देत विकायला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच देवळात जाऊन आली. काय लिहिलंस, असं त्याने विचारलं.

"टांगली की ती माझी आणि बेन्तेनची गोष्ट. तुम्ही बघायचं नाही हं."

"कोण बघतंय," तो म्हणाला होता.

पुढे दवाखान्यात ती हसत राहिली. नर्सची नक्कल करायची. आमटीला चव नाही म्हणून स्वयंपाक्याला चिठ्ठी पाठवायची. तोकुजी खुर्चीवर बसून सफरचंद सोलायचा. तुला भीती वाटते का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. ती हसतेय म्हणजे वाटत नसेल, असं त्याने धरलं. ती गेल्यावर मात्र सफरचंद दिसलं की त्याला तेच आठवायचं. ती घाबरली होती का? घाबरली असेल तर कोणाला सांगितलं? सांगितलं असेल तर त्या पाटीलाच. आणि पाटी परवा जळणार होती.

मिसाओला बाजूला काढून ठेवायला सांगितलं असतं तर तिने ठेवली असती. पण चार हजार पाट्यांत ती शोधायची म्हणजे कोणीतरी प्रत्येक पाटी वाचणार, तिचीही वाचणार. ते त्याला नको होतं. तो कमानीपाशी तोंड उघडायला गेला होता, आणि एकोणपन्नास-पन्नासातच सगळं राहिलं.

पंधरा तारखेला मठातला विधी वेळेवर झाला. मुलगी सप्पोरोला असते. तिकडच्या बर्फामुळे विमानं बंद, म्हणून ती येऊ शकली नाही. एन्काई महाराज आणि तोकुजी दोघांनीच अस्थी ठेवल्या. मग महाराजांनी त्याला तळ्याकडच्या ओसरीवर चहा दिला. पलीकडे देवळाच्या अंगणात माणसं जमलेली दिसत होती. मध्ये रास उभी होती, आणि तिच्याशी मुरासे खटपट करत होता. त्याला यंदा ते काम दिलेलं दिसत होतं.

"तिरकी रचलीय," तोकुजी म्हणाला.

"काय?" महाराज ऐंशीचे, ऐकू कमी येतं.

"रास तिरकी आहे!"

"मग जा आणि सरळ कर."

"पन्नास व्हायचेत." आणि मग कसं कोण जाणे, त्याने सगळं सांगून टाकलं. पाटीचं, गाठीचं, न विचारलेल्या प्रश्नाचं.

"काय? किनुए-सानची पाटी? त्या राशीत?" महाराज ओरडले. त्यांना वाटतं आपण हळूच बोलतो. पलीकडची माणसं वळून बघायला लागली. मुरासेनेही मान वर केली.

"महाराज, हळू!"

"हळूच बोलतोय. ती फळी कोणी बांधली?" त्यांनी तळ्याकडे बोट दाखवलं. मठाच्या काठावरून बेटाकडे एक लाकडी फळी गेलेली आहे, खांबांवर टेकलेली. बेटापाशी ती एक ढांग आधीच संपते.

"मीच. दर वसंतात दुरुस्त करतो."

"अपुरी का?"

"वडिलांनी तशीच करायला सांगितली होती."

"हुकूम आला तेव्हा मठाचा पूल तोडला," महाराज म्हणाले. "पुढच्या वर्षी लोकांनी माशांना खायला घालायला म्हणून एक फळी टाकली. पलीकडे पोचत नाही तो पूल कसला? दीडशे वर्षं आपण हेच सांगत आलो. आणि बेन्तेन मूळची भारतातली. तिकडे सरस्वती म्हणतात तिला. समुद्र ओलांडून आली ती, तिला एका ढांगेचं काय?"

"पण बेट देवळाचं आहे. मी बेटावर पाय ठेवणार नाही."

"ठेव म्हणतंय कोण? फळी मठाची आहे. मठात तुझे एकोणपन्नास पुरे झालेत." आणि त्यांनी तळ्यापलीकडे तोंड करून हाक मारली, "मिसाओ-सान! तुमच्या पाट्या जरा बेटावर आणता का?"

मिसाओ काठावर आली. तिने तोकुजीकडे पाहिलं, मग राशीकडे, मग आभाळाकडे. बारा वाजून गेले होते.

"दमट आहेत," ती जोरात म्हणाली. "बेटावर वारा चांगला येतो. घटकाभर वाळत घातल्या तर बरंच होईल."

कोणी हसलं नाही. गेला महिनाभर आभाळात ढगाचं नाव नव्हतं. पाट्या अजून राशीवर चढवल्या नव्हत्या, शेजारी खोक्यांत होत्या. देवळाच्या लाल पुलावरून ती खोकी बेटावर यायला लागली. सगळ्यात पुढे कुरोइवा होता, लाल घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्याला बेन-चानची सोनेरी फीत, दोन्ही हातांत दोन-दोन खोकी. मागे त्याच पोशाखातल्या सात-आठ बायका-मुली. आपल्याच देवळात हमाली करणारी देवी तोकुजीने त्या दिवशी आठ-नऊ वेळा पाहिली.

तो फळीच्या टोकाशी येऊन उभा राहिला. समोर एका ढांगेवर बेट.

"काका, कशी ओळखायची?" कुरोइवाने विचारलं.

"डाव्या कोपऱ्यात काळी गाठ आहे. लिहिलेलं वाचू नका. फक्त लाकूड बघा."

"ऐकलंत ना? फक्त लाकूड!" कुरोइवा बाकीच्यांवर ओरडला.

एक वाजला. तोकुजीची नजर राशीकडे गेली. मुरासे काडेपेटी हातात धरून उभा होता. लांबून आलेली माणसं फोन वर धरून तयार होती.

"मुरासे-सान, वेळ झाली," कोणीतरी म्हणालं.

"लाकडं ओली आहेत," मुरासे म्हणाला. त्याने एक काडी ओढली, फुंकर मारून विझवली. "बघा. घेत नाही."

ती लाकडं तोकुजीने स्वतः उन्हाळ्यात फोडून वाळत घातली होती. ठणठणीत कोरडी होती. मुरासेने दुसरी काडी ओढली आणि तीही विझवली. तिसरीच्या वेळी त्याने तळ्याकडे अजिबात न बघता नाक शिंकरलं.

गाठीच्या तीन पाट्या सापडल्या, तीनही दुसऱ्यांच्या. नवव्या खोक्यात कुरोइवाचा हात थांबला.

"काका, हीच."

"गाठ आहे?"

"गाठ आहे. पण मी डोळ्यांवरून ओळखली. डोळे मीच काढलेत."

त्याने काठावर गुडघे टेकले आणि हात लांब केला. तोकुजीनेही वाकून हात लांब केला. पाटी एका हातातून दुसऱ्या हातात आली. दोघांचे पाय आपापल्या जागी होते.

चित्रात बेन-चान झाडू घेऊन उभी होती. डोळे मोठे, सुरेख, चमक असलेले. बाकी सगळं थरथरत्या रेघांचं होतं. तिच्या मागे फळी होती, आणि फळीच्या टोकाशी एक म्हातारा, कानावर पेन्सिल, डावा खांदा खाली. तो वाकून पाण्यातलं अंतर मापत होता. तोकुजीचा डावा खांदा रंध्यामुळे खाली आलेला आहे. तो एवढा खाली आहे हे त्याला आज कळलं.

खाली इच्छा लिहिलेली जागा पाकळीच्या आकाराच्या कागदाने झाकलेली होती. दुसऱ्यांनी वाचू नये म्हणून मिसाओ हल्ली तसे चिकट कागद ठेवते.

तोकुजीने नख त्या कागदाच्या कडेला लावलं. लाकडाचा पातळ पापुद्रा न फाडता उचलणारा माणूस तो. त्याला काही अवघड नव्हतं. कडा जराशी सुटलीसुद्धा.

"काका," कुरोइवा खालच्या आवाजात म्हणाला, "मला माहीत आहे काय लिहिलंय ते. त्यांचा हात हलत होता, म्हणून पाटी मी धरली होती. सांगू का?"

तोकुजीने खाली पाण्याकडे पाहिलं. फळीखाली मासे जमले होते, खायला मिळेल म्हणून.

"नको," तो म्हणाला. "बघणार नाही म्हणालो होतो मी. एवढंच सांग. रडली होती का?"

कुरोइवाने घागऱ्याच्या कमरपट्टीवरून हात फिरवला, जिथं किनुएने तुकडा जोडला होता.

"आधी हसल्या. हे डोळे बघून. म्हणाल्या, ही ट्रक चालवत असणार. मग लिहिता लिहिता रडल्या. भीती वाटते म्हणाल्या. मी काय बोलणार? मी नुसता शेजारी बसलो. मग म्हणाल्या, हे घरी कळायला नको. ते झोपणार नाहीत, आणि उद्या सगळ्या पाट्यांना भोकं वाकडी पाडतील."

तोकुजीच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा की कसला, ते त्यालाही कळलं नाही.

"मग?"

"मग माझ्याकडे भाजलेली रताळी होती. ती खाल्ली त्यांनी. दोन."

"दोन?"

"मोठी होती, काका."

"त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, पोट बरं नाही, जेवण नको. मी रात्रभर काळजी करत जागा होतो!"

"म्हणजे नाहीतरी झोपला नाहीतच," कुरोइवा म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने बाही वर नेली. सोनेरी फीत कपाळावर वाकडी झाली.

तोकुजीने सुटलेली कडा अंगठ्याने दाबून परत बसवली. गाठीवरून एकदा बोट फिरवलं. मग पाटी लांब करून कुरोइवाच्या हातात दिली.

"जाळात वर ठेव. खाली धूर फार होतो."

तेवढ्यात मुरासे लाल पुलाच्या टोकाशी आला. "तोकुजी! लाकडं ओलीच आहेत, की वाळली म्हणू?"

"मुरासे," तोकुजी म्हणाला. सगळे ऐकत होते. तेव्हाही सगळे ऐकत होते. "त्या दिवशी मी तुला अडवलं, ते बरं केलं नाही."

"नाहीच केलंस."

"चुकलो."

मुरासेने काडेपेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अडवलंस कुठलं? तू घरी गेलास आणि महाराजांनी मला ह्याच फळीवरून पाठवलं. आईच्या नावाने टोफू ठेवून आलो देवीपुढे. फक्त येताना एक पाय तळ्यात गेला. ढांग मोठी ठेवली आहेस तू. तुझ्या बापाच्या वेळी एवढी नव्हती."

तोकुजीने मागे वळून पाहिलं. एन्काई महाराज ओसरीवर बसून चहा पीत होते. त्यांना काही ऐकू आल्याचं दिसत नव्हतं.

"वाळली लाकडं," तोकुजी म्हणाला. "पेटव."

पहिल्याच काडीला जाळ धरला. मिसाओने देवळाचा मंत्र म्हटला. मठाच्या ओसरीवरून महाराजांचं सूत्रपठण सुरू झालं, जरा उशिरा आणि फार मोठ्याने. दोन्ही आवाज तळ्यावर एकत्र आले. धूर आधी सरळ वर गेला, मग वाकला आणि मठाच्या बाजूला आला, फळीवर, तोकुजीच्या अंगावर. देवदाराचा वास होता. तो तिथंच उभा राहिला.

जाळ बसल्यावर लोकांनी निखाऱ्यांत रताळी पुरली. कुरोइवा दोन घेऊन बेटाच्या काठाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. रताळी कागदात गुंडाळलेली, तरी हाताला चटके बसत होते. तोकुजीला ती घ्यायला चांगलंच वाकावं लागलं. एक हात खांबाला धरावा लागला.

अंतर खरंच जास्त होतं. त्याने तिथल्या तिथं वितीने मापलं. वसंतात एक वीत कमी करू, असं त्याने ठरवलं. जास्त नाही. मग फळीच्या टोकावर पाय सोडून बसला आणि पहिलं रताळं सोललं. तुकडा मोडून माशांना टाकला. उरलेलं खाल्लं, आणि दुसरं सोलायला घेतलं.